कुजणाऱ्या कुंडीचा जोड

कारखान्याच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या छपराखाली ओळीने खड्डे होते. त्यांतली घाण सांभाळणं हे तिचं काम, म्हणून सगळा कारखाना तिला खड्डाताई म्हणायचा. सडका कोबी, उष्टं अन्न, शेण, ओला पाला असं सगळं कालवून ती खड्डे भरायची, त्यात कारखान्यात बनलेल्या कुंड्यांचे तुकडे पुरायची आणि ठरलेल्या मुदतीने ते उपसून, धुऊन, किती कुजले ते बघायची. कुंड्या साध्या नव्हत्या. मक्यापासून काढलेलं प्लास्टिक, त्यात लाकडाचा भुसा आणि तागाचे तंतू. रोप कुंडीसकट जमिनीत लावायचं, कुंडी कुजून मातीत मिसळणार, मुळं मोकळी. मालकीणबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगताना असे हात फिरवायच्या, की वाटावं, कुंडीऐवजी त्याच मातीत मिसळायला निघाल्यात.

पहिले काही दिवस खड्डाताईला उमासे आवरत नसत. फावडं घातलं की गरम वाफ तोंडावर यायची, अंडं नासल्यासारखी, आणि त्या वाफेखाली पांढऱ्या अळ्यांचा गोळा वळवळत असायचा. हातमोज्यातून बोटांना सगळं बुळबुळीत लागायचं. मग हळूहळू नाक सरावलं. इतकं, की वासावरूनच तिला कळायचं, हा खड्डा नीट कुजतोय आणि हा नुसताच सडतोय. नीट कुजणाऱ्याला ओल्या लाकडासारखा वास येतो. नुसत्या सडणाऱ्याला घशात बसणारा आंबूस.

तिचं नाक सरावलं, घरच्यांचं नाही. नवरा सोडून आल्यापासून ती थोरल्या भावाकडे राहायची. वहिनी वाईट नव्हती, पण संध्याकाळी खड्डाताई दारात आली की तिचा चेहरा आपोआप आक्रसायचा.

"मागून या, वन्सं. आधी अंघोळ. आणि तो लाल साबण तुमचा बरं का, पांढऱ्याला हात लावू नका."

"लावत नाही गं बाई."

"रागावू नका हं. मला मेलीला पोटात ढवळतं, त्याला मी काय करू?"

दादा आतून हसायचा. "अगं, तिच्यामुळे कारखान्याचं नाव आहे. मालकीणबाई म्हणतात, खड्डाताईने कुजलं म्हटलं की कुजलं!"

कारखान्यात खड्डाताईला कामाला लावलं होतं दादानेच. तो तिथला वेल्डर. लोखंडाचा नव्हे, प्लास्टिकचा. कुंडीची भिंत वेगळी आणि तळ वेगळा बनायचा. दोन्हीच्या कडा तापलेल्या लोखंडी पाट्याला टेकवायच्या, वितळून मऊ झाल्या की पाटा बाजूला सारून एकमेकींवर दाबायच्या आणि निवेपर्यंत धरून ठेवायच्या. सांगायला सोपं. पण प्लास्टिक वितळतं, भुसा आणि ताग वितळत नाहीत. त्यातून भुसा दमट असला तर ओलीची वाफ होते, जोडात बुडबुडे धरतात, आणि जोड पावासारखा पोकळ होतो. सुरुवातीला दादाच्या कुंड्यांत ओली माती भरली की तळ सरळ गळून पडायचा. एकदा तर एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या बुटांवरच चिखलाचा गोळा पडला. दादाने भुसा वाळवायचं यंत्र मागितलं. मालकीणबाई म्हणाल्या, पुढे बघू. नंतर दोन-तीनदा मागितलं, तरी पुढे बघू.

आणि मग एकाएकी जोड टिकायला लागले. दादाने आपल्या यंत्राभोवती जाड पडदा लावून घेतला होता. वारा लागला की जोड बिघडतो, म्हणाला. पडद्याआडून कुंड्या यायला लागल्या त्या अशा, की लाथ मारा, तळ सुटत नाही. सगळ्यांनी त्याला जोडमास्तर म्हणायला सुरुवात केली. काय केलंस रे, असं कोणी विचारलं की तो आपली बोटं नाचवून दाखवायचा.

खड्डाताईला भावाचा अभिमान वाटायचा. तपासणीचे तुकडे तो स्वतः खड्ड्यांपाशी आणून द्यायचा. "घे, ताजे आहेत," म्हणायचा, जणू भजी आणलीत. आणि ते तुकडे कुजायचे. जोडासकट, भुगा होऊन. ती मालकीणबाईंना तसं सांगायची, मालकीणबाई गिऱ्हाइकांना.

दोन पावसाळे गेले. एका सकाळी रोपवाटिका चालवणारी बाई, कारखान्यात तिला रोपवाली म्हणायचे, एक गोणपाट फरफटत थेट मालकीणबाईंच्या खोलीत शिरली. गोणपाटात तिच्याच उंचीचं, वाळकं झाड होतं. ते तिने टेबलावर आपटलं. माती सगळीकडे उडाली.

"वारा सुटला आणि रस्त्याकडेची माझी अर्धी ओळ आडवी झाली. माणसं मला विचारतायत, काय लावलंस? मी तुम्हाला विचारतेय, काय विकलंत?"

मालकीणबाईंनी खड्डाताईला बोलावून घेतलं. खड्डाताईने मान ताठ ठेवून सांगितलं, "कुंडीचा दोष नसणार. मी स्वतः कुजवून बघितलंय. माझ्या हातांनी."

"मग त्याच हातांनी उकरून बघा," रोपवाली म्हणाली. "चला माझ्याबरोबर."

रस्ता लांबलचक, दोन्ही बाजूंना दुकानांची मागची दारं आणि गटार. गटाराच्या कडेने झाडं. काही पडलेली, काही झुकलेली. रोपवालीने एका झुकलेल्या झाडापाशी कुदळ ठेवली. खड्डाताई गुडघ्यांवर बसली आणि उकरायला लागली. माती मऊ होती, कुंडीच्या भिंतीचा मागमूस नव्हता. तिला बरं वाटलं. "बघा, भिंत गेली की नाही?"

"अजून खाली जा."

खाली मुळांचा झुबका होता आणि झुबक्याला गळफास बसला होता. कुंडीच्या तळाशी जिथे जोड होता तिथे एक कडी तशीच शिल्लक, रबरासारखी चिवट, मळकट पिवळी. मुळं तळ कुजल्यावर त्या कडीतून खाली गेली होती आणि मग आतल्या आत जाडजूड झाली होती. कडीच्या वर त्यांना गळवासारखी सूज आलेली. सालीवर साल चढून एकमेकींत रुतलेली. कडीच्या खाली सगळं काळं. तिने बोट लावलं तर साल निसटून हातात आली, ओली, आणि आतून पाणी झिरपलं. त्याचा वास नाकात गेला तेव्हा खड्डाताईने हात मागे घेतला. खड्ड्यात तिने मेलेलं मांजरही कुजताना बघितलं होतं. पण ते मेलेलं होतं. इथे वरती पालवी हिरवी होती आणि खाली मुळं सडत होती.

तिने कडी ओढून बघितली. तुटेना. रोपवालीने कातरी दिली, तेव्हा कुठे ती कटकन तुटली. तुटल्या जागी आतून बारीक पांढरे दोरे बाहेर आले होते.

"तागाचे नाहीत हे," रोपवाली म्हणाली.

"नाहीत," खड्डाताई म्हणाली.

ती कारखान्यात परत आली आणि कोणाला काही न बोलता गोदामात गेली. गाडीत चढवायला रचून ठेवलेल्या कुंड्यांतली एक काढली, मधल्या थरातली. छपराखाली बसून सुरीने जोड उकलला. भिंत आणि तळ यांच्यामध्ये एक पट्टी निघाली. दोऱ्याची, दोन्ही बाजूंना गोंद असलेली, तापली की कशालाही चिकटते ती. बुटांच्या कारखान्यात असली पट्टी वापरतात. खड्डाताईने काडी पेटवून आधी भिंतीचा तुकडा जाळला. साखर करपल्यासारखा, ओळखीचा वास. मग पट्टी जाळली. विझलेल्या मेणबत्तीचा वास आला आणि मागून व्हिनेगरचा झणका. हे मक्याचं प्लास्टिक नव्हतं.

मग तिला ते तुकडे आठवले. 'घे, ताजे आहेत.' तिच्या खड्ड्यात आलेला एकही तुकडा तिने स्वतः गोदामातून उचललेला नव्हता. सगळे दादाच्या हातचे. तेवढ्यापुरते त्याने प्रामाणिकपणे जोडलेले, बहुतेक भुसा घरी तव्यावर भाजून. वहिनी मधे कुरकुरत होती की तव्याला लाकडाचा वास येतो.

संध्याकाळी तिने मागच्या अंगाला नेहमीपेक्षा जास्त वेळ अंघोळ केली. जेवायला बसली तेव्हा दादा रंगात होता. वहिनीने उकडलेली अंडी आणि बटाट्याची भाजी केली होती.

"रोपवाली आली होती म्हणे," दादा म्हणाला. "जाम तापलेली. काय म्हणत होती?"

"झाडं पडली तिची."

"लावली नसतील नीट."

"मी उकरून बघितली, दादा." तिने खिशातून कडीचा तुकडा काढून ताटाशेजारी ठेवला.

"ई! जेवताना काय हे!" वहिनी ओरडली.

दादाने तुकड्याकडे बघितलं. घास चावतच राहिला. मग म्हणाला, "दोन वर्षं झाली आणि अजून तशीच? बघ, काय जोड आहे!"

खड्डाताईला वाटलं होतं, तो नाकारेल. नाहीतर निदान खाली बघेल. त्याच्या डोळ्यांत कौतुक होतं.

"दादा, ती कुजायला हवी होती."

"अगं, भिंत कुजली ना? तळ कुजला ना? आता एवढीशी कडी! आणि मी काय करायचं होतं सांग. वाळवायचं यंत्र देत नाहीत. ओल्या भुशाचा जोड धरत नाही. कुंड्या फुटत राहिल्या असत्या तर कारखान्याला टाळं लागलं असतं. मग तू कुठे असतीस? मी कुठे असतो?"

"बाईंना सांगायचंस."

"त्यांना जोड टिकायला हवा होता. टिकवला."

"आणि मला काय हवं होतं?"

"तुला?" तो खरंच गोंधळला. "तुला कुजायला हवं होतं. तुला कुजणारे दिले की! तुझ्यासाठी वेगळे बनवले, मेहनत करून. एक तरी तुकडा नापास झाला का तुझा?" आणि तो हसला. "तुझ्या नाकावर बाईंचा किती भरवसा आहे, तुला कल्पना नाही. तू कुजलं म्हटल्यावर कोणी पुढे विचारतच नाही. आपली जोडी भारी आहे, चिमणे. मी जोडतो, तू कुजवतेस."

बोलता बोलता त्याने अंडं फोडलं. त्याच्या बोटांच्या टोकांवर गोंदाचा पातळ, चकचकीत थर होता, साबणाने न जाणारा. इतकी वर्षं तिला वाटायचं, भाजून भाजून कातडी गुळगुळीत झालीय. त्या बोटांनी त्याने पिवळा बलक अलगद काढला आणि तिच्या ताटात ठेवला. लहानपणापासून ठेवायचा. तिला बलक आवडतो म्हणून.

बलक भातावर बसला. त्याच्यावर बोटांचे ठसे उमटले होते.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकण्याआधी सुटतं तसं. अळ्यांत कोपरापर्यंत हात घालणाऱ्या बाईला त्या बलकाकडे बघवेना. ती ताट घेऊन उठली, मागच्या दारी गेली आणि सगळं बादलीत ओतलं. भात, भाजी, बलक. मग नळाखाली ताट घासत राहिली.

आत वहिनी विचारत होती, "काय झालं हिला?"

"दमलीय," दादा म्हणाला. "दिवसभर त्या घाणीत असते बिचारी."

सकाळी तिने त्याला निघताना अडवलं. "तू बाईंना सांग. मी सांगण्याआधी."

"वेडी आहेस का?"

"मग मी सांगणार."

त्याने शर्टाची बटणं लावत लावत तिच्याकडे बघितलं. "सांग. कोणी माझ्यावर रागावणार नाही, बघ. रागावतील तुझ्यावर."

तसंच झालं, आणि त्याहून वाईट. मालकीणबाईंना आधी खरोखरच धक्का बसला. त्यांना ठाऊक नव्हतं, हे खड्डाताईला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. त्यांनी पट्टीचा तुकडा चिमटीत धरला, टाकला, हात पुसले, पुन्हा पुसले. "शी! केवढी मोठी फसवणूक! आणि मी जगाला सांगत फिरतेय..." त्यांचे डोळे भरून आले. खड्डाताईला वाटलं, सुटलो. आता हे सगळं बंद होईल.

मग मालकीणबाई उठल्या, दार लावून घेतलं आणि खुर्चीत नीट बसल्या.

"अजून कोणाला माहितीय?"

"रोपवालीला कडी माहितीय. पट्टी नाही."

"बरं. हे बघ, घाई नको. आपण पुढच्या मालावर एक ओळ छापू. लावण्यापूर्वी तळाची कडी काढून टाकावी."

"मग कुजणारी कुंडी कसली, बाई?"

"बाकी सगळी कुजतेच ना? तूच सांगतेस." त्यांचा आवाज मऊ झाला. "मास्तरला मी बोलेन. कडक बोलेन. पण तसा हात दुसरा मिळायचा नाही. तोवर तपासणीचे तुकडे येतात तसे येऊ देत. तू आपलं काम करत राहा. तुझं काम तर खरंच आहे, त्यात कुठे खोट आहे?"

हे त्या अगदी सहज बोलल्या. काल रात्री दादा जे बोलला तेच, फक्त स्वच्छ कपड्यांत. खोलीत अत्तराचा फवारा मारलेला होता, रोपवालीच्या मातीचा वास घालवायला. त्या गोड वासाने तिचा जीव गुदमरला.

"दार उघडा, बाई," ती म्हणाली. "मला ओकारी येईल."

त्यांनी घाईघाईने दार उघडलं. गालिचा नवीन होता.

ती तशीच चालत रोपवाटिकेत गेली आणि रोपवालीला सगळं सांगितलं. पट्टी, पडदा, तुकडे. दादाचंही. रोपवालीने शिव्या द्यायला सुरुवात केली त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. त्यांतल्या काही खड्डाताईच्या वाट्यालाही आल्या, आणि तिने त्या ऐकून घेतल्या. शेवटी रोपवाली दमली. म्हणाली, "जी उभी आहेत त्यांचं काय?"

"कड्या कापायच्या. आत्ता कापल्या तर काही वाचतील."

"कापणार कोण?"

"मी कापते. तुमच्या बायका द्या बरोबर."

काम किळसवाणं होतं. गटाराची कड, त्यात लोकांनी टाकलेलं काय काय. प्रत्येक झाडाभोवती चर खणायचा, पालथं पडून हात खाली घालायचा, चाचपत कडी शोधायची, कातरीचं टोक सुजलेल्या मुळांत घुसवायचं. कडी तुटली की साचलेलं पाणी भसकन बाहेर यायचं, नासक्या दुधासारखं, कधी थेट तोंडावर. बायका ओकायच्या, शिव्या घालायच्या, मग हसायच्या. एकीने विचारलं, "हा माल बनवणारा सापडला तर त्याला यातलं पाणी पाजलं पाहिजे, नाही?" खड्डाताई म्हणाली, "माझा भाऊ आहे तो." त्या बाईने आपला रुमाल खड्डाताईकडे सरकवला.

दादा तिकडे फिरकला नाही. रस्ता त्याच्या जाण्यायेण्याचा होता, पण त्याने जायची वाट बदलली. खड्डाताईने त्याचं घर सोडलं, रोपवाटिकेच्या मागे अवजारांची खोली होती तिथे राहायला लागली. कपड्यांची पिशवी न्यायला गेली तेव्हा तो घरी होता.

"एवढ्याशा कडीसाठी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. दुखावला होता. "मी तुला दारातून परत पाठवली नव्हती. तुझ्या अंगाला वास येतो म्हणून वहिनी भांडायची, तेव्हा मी तुझ्या बाजूने बोलायचो."

"बोलायचास," ती म्हणाली. ते खरं होतं, आणि त्याने काहीच बदलत नव्हतं, हे तिला त्याला समजावता आलं नाही.

पुढे कारखान्याच्या कुंड्या कोणी घेईना. रोपवालीचं तोंड मोठं, ते सगळ्या रोपवाटिकांपर्यंत पोहोचलं. मालकीणबाईंनी शेवटी भुसा वाळवायचं यंत्र आणलं, पण तोवर गिऱ्हाईक उरलं नव्हतं. त्या साधी प्लास्टिकची खोकी बनवायला लागल्या आणि खड्डे बुजवून तिथे गाड्या उभ्या करायला लागल्या. दादा पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात गेला. तिथे काहीच कुजायला नको असतं, जोड फक्त टिकायला हवा. तिथे तो फार सुखात आहे, असं खड्डाताईच्या कानावर आलं.

एकदा वहिनी रोपवाटिकेत आली. खड्डाताई मातीत होती, गुडघ्यापर्यंत बरबटलेली. वहिनीने या वेळी नाक मुरडलं नाही. उभी राहिली, मग उलट्या बादलीवर बसली.

"त्यांना अजून कळत नाही, वन्सं, तुम्ही का चिडलात. रोज विचारतात. मी तरी काय सांगू?"

"तुला कळलं का?"

"मी तो तवा टाकून दिला," वहिनी म्हणाली. "कितीही घासला तरी मला वास यायचाच. पोळी घशाखाली उतरेना. त्यांना येत नाही म्हणे वास."

"नाही येणार त्याला."

"तुम्ही या ना एकदा घरी."

"येईन," खड्डाताई म्हणाली. पण कधी ते बोलली नाही, आणि वहिनीनेही विचारलं नाही. जाताना वहिनीला एक रोप हवं होतं. खड्डाताईने वाफ्यातून उपटलं, मुळांभोवतीची माती हाताने दाबली, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि सुतळीने बांधून दिलं.

"लावताना हे सगळं सोडून टाक," तिने सांगितलं. "सुतळीसुद्धा."